टाकी किती लिटरची?

आमच्या घरात बाहेर जायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ‘कुठं’ हा नसतो, ‘घरी कोण राहील’ हा असतो. अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं गाव, गोठ्यात दुभती जनावरं आणि पानपिंपरी या औषधी वेलाचा मळा. या वेलाला उन्हाळ्यात पाण्याचा खाडा खपत नाही. लाइट रात्री आली तर रात्री उठून पाणी द्यायचं. त्यामुळे लग्न नाहीतर तेरवी सोडली तर सगळं घर एकदम गावाबाहेर पडल्याचं कोणाला आठवत नाही. यंदा मात्र सासऱ्यांनीच विषय काढला. आम्ही त्यांना मामंजी म्हणतो.

“सारे मिळून कुठीतरी दोन-चार रोज जाऊ. गर्दी नको, गाणे-बिणे नको. मले नातवंडायसंगं बसाचं हाय.”

सारे म्हणजे तीन भाऊ, दोन बहिणी, त्यांची बायकापोरं, सासूबाईंची पाठची बहीण आणि पोरांना सांभाळायला येणारी आमची एक चुलत आजी. मोजदाद तिसाच्या वर गेली. सगळ्यात मोठं माणूस ऐंशी पार केलेलं, सगळ्यात लहान अजून रांगणारं. जागा शोधायचं काम माझ्याकडं आलं. मधल्या सुनेच्या शाळेला मे महिन्यात सुट्टी असते, हे आमच्याकडं सगळ्यांना पाठ आहे.

तारखेनं खूप डोकं खाल्लं. दिवाळीची सुट्टी घ्यावी तर सोयाबीन नुकतं निघालेलं, कापूस वेचणीला आलेला. डिसेंबर-जानेवारीत थंडी छान, पण तुरीचे दिवस आणि पोरांच्या शाळा. पावसाळ्यात मेळघाटाचा डोंगर हिरवागार असतो, धबधबे वाहतात, म्हणूनच शनिवार-रविवारी अमरावती-अकोल्याच्या गाड्यांची रांग घाटात लागते. उरला मे. पाडव्याला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, वर्ष बदलून तो रुळलेला असतो, नांगरणी आटोपलेली असते आणि पेरणीला अवकाश असतो. आमच्याकडच्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाला उघडतात, पण पुण्याच्या दिरांची पोरं त्याआधीच वर्गात बसतात. म्हणून मे, आणि तोही सोमवार ते गुरुवार. बुद्धपौर्णिमा तेवढी टाळली. त्या रात्री मेळघाटात मचाणावर बसून प्राणी मोजायला दुरून दुरून लोक येतात, खोल्या मिळणं मुश्कील होतं.

जागा सुचवायला सगळे पुढं होते. पुण्याचे दीर महाबळेश्वर म्हणाले. तिथं जायला एक अख्खी रात्र आणि यायला एक अख्खी रात्र, सासूबाईंना गाडी लागते. तो विषय तिथंच संपला. नागपूरच्या नंदवईंचा आग्रह पचमढीचा. पचमढी सुंदर आहे यात वाद नाही. सातपुड्याचाच डोंगर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर. पण आमच्या गावाहून बैतूलकडून फिरून जायचं म्हणजे दिवस मोडतो, आणि मेमध्ये अर्धा मध्य प्रदेश तिथंच असतो. धाकट्या नणंदेनं ताडोबा म्हटलं. मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात मामंजींना घेऊन जायची कल्पनाही मला करवली नाही.

सेमाडोह आणि कोलकास मात्र मनात बरेच दिवस होते. वनखात्याचे निवास, शेजारून सिपना नदी, रात्री कसलाही आवाज नाही. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी, १९७३-७४ मधला, त्यामुळे तिथली शांतता नियमानं राखलेली असते. पण सेमाडोह खोऱ्यात आहे, उंचावर नाही. मेमध्ये तिथं दुपारी आमच्या गावासारखंच तापतं. आणि तिसाच्या वर माणसांना एकत्र राहता येतील इतक्या खोल्या आमच्या तारखांना रिकाम्या नव्हत्या. काही माणसं सेमाडोहला आणि काही कोलकासला, अशी वाटणी मामंजींना चालणार नव्हती.

मग चिखलदराच. आमच्या गच्चीवरून उत्तरेला निळी रेघ दिसते ना, तीच. इतक्या जवळ की पुण्याच्या दिरांना पटेना. “चिखलदऱ्याला काय जायचं, ते तर आपलंच आहे,” असं त्यांचं म्हणणं. मी हिशोब सांगितला. चिखलदरा साधारण १,११८ मीटर उंचीवर आहे. हजार मीटर चढलं की हवा साडेसहा अंशांच्या आसपास उतरते, आणि आमचं गाव काही समुद्रकाठी नाही. म्हणजे आपल्याकडं ४४ असेल तर वर दुपारी ३८-३९ मिळेल. स्वेटर घालायला मिळेल अशी आशा कोणी करू नका. पण सकाळ-संध्याकाळ वारा मिळेल, रात्री अंगावर चादर लागेल. एवढंच मिळणार असलं तर चालेल का, हे मी आधीच विचारून घेतलं. नाहीतर वर पोचल्यावर “इथंही ऊनच आहे” हे वाक्य मलाच ऐकावं लागलं असतं.

यानंतरचं काम फोनवर. मोबाइलवर फोटो पाहून पाहून डोळे दुखले. आताशा डोंगरावर लाकडी केबिनची फॅशन आली आहे. त्रिकोणी छप्पर, समोर जमिनीपासून शेंड्यापर्यंत काच, आत माळ्यावर गादी आणि चढायला शिडी. पोरं ते पाहून नाचायला लागली. पण ती काच जर पश्चिमेला असेल तर मे महिन्यात आत काय होईल? आणि शिडी चढून झोपायला सासूबाईंची बहीण जाणार का? मी प्रत्येकाला तेच चार-पाच प्रश्न विचारत होते. शेजारी कोण आहे, त्यांच्याकडं डीजे लागतो का? शनिवारी किती गाड्या येतात? कमोड किती खोल्यांत आहे? लाइट गेली तर फ्रिज चालतो का? हा शेवटचा प्रश्न मावशींच्या, म्हणजे सासूबाईंच्या त्याच बहिणीच्या, इन्सुलिनसाठी. आणि मग, पाणी कुठून येतं, टाकी किती लिटरची?

टाकीच्या प्रश्नावर बहुतेक जण हसायचे. “मॅडम, पाण्याचं टेन्शनच घेऊ नका, चोवीस तास.” मे महिन्यात चिखलदऱ्यात चोवीस तास पाणी! पाऊस तिथं धो-धो पडतो, पण पाणी उतारानं खाली आमच्याकडं निघून येतं आणि उन्हाळ्यात वरच्या गावांत टँकर फिरतात, हे या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एकाच माणसानं सरळ उत्तर दिलं. “टाकी दोन हजाराची हाय ताई. मे महिन्यात टँकर लागते. तुम्ही किती जण येता थे आधी सांगा, मंग मी पाहून सांगतो.” मी त्याचं नाव वहीत लिहून ठेवलं, त्याला फोटो धड काढता येत नव्हते तरी.

यादी आटोपशीर झाल्यावर मी, आमचे हे आणि कॉलेजातला पुतण्या असे जागा पाहायला निघालो. मुद्दाम शनिवारी. आपण सोमवारी जाणार असलो तरी जागा शनिवारी संध्याकाळी पाहावी, असं माझं मत आहे. तिचं सगळ्यात वाईट रूप तेव्हा दिसतं.

परतवाडा सोडलं की घाट सुरू होतो. मार्चमध्ये याच रस्त्यानं गेलो होतो तेव्हा मोहाचा वास गाडीत शिरत होता. आता मोह संपून तेंदूची तोड सुरू झाली होती, पहाटे जंगलात गेलेल्या बायका पानांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन उतरत होत्या. साग पुरता उघडा पडलेला. पुतण्या म्हणाला, “काकू, हे तर भुंडं हाय.” होयच. मेमध्ये मेळघाट असाच दिसतो, हेही घरी सांगायच्या यादीत गेलं.

पहिली जागा गावाला लागून. खोल्या स्वच्छ, मालक अगत्याचा. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात शेजारच्या हिरवळीवर साउंड चेक सुरू झालं. कप बशीत हलायला लागला. मालक म्हणाला, दहाला बंद होते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगे लावायला बंदी आहे, २००० सालापासूनचा नियम आहे, हे मलाही माहीत आहे. पण साडेदहाला डोंगरावर कोण कोणाच्या मागं लागणार? उठलो.

दुसरी ती काचेची केबिन. फोटोत होती तशीच देखणी, त्यात खोट नाही. नवरा-बायको आणि एखादं लेकरू असेल, डिसेंबर असेल, तर मी स्वतः जाईन. पुतण्यानं भिंतीवर बोटानं टकटक केलं, आवाज पोकळ आला. प्लाय, वर पत्रा. सहा वाजले होते तरी छताला हात लावला तर कढत. शिवाय केबिनी उतारावर विखुरलेल्या, एकीतून दुसरीकडं जायला दगडाच्या पायऱ्या आणि कठडा नाही. मामंजींना नातवंडांमध्ये बसायचं होतं. इथं त्यांना कोणीतरी धरून न्यावं, धरून आणावं लागलं असतं.

तिसरीकडं तंबू होते. पोरांची दुसरी पसंती. संडास-बाथरूम मागच्या बाजूला, पन्नासेक पावलांवर. रात्री किती वेळा उठावं लागतं, हे वय झालेल्या माणसाला विचारा. त्यात मेमध्ये रानातलं पाणी आटलं की अस्वलं वस्तीकडं सरकतात. तिथला पोरगा म्हणाला, “काही नाही करत, बॅटरी मारली की पळून जाते.” पळून गेलं नाही तर काय, हे त्यानं सांगितलं नाही.

टाकीचा खरा आकडा सांगणाऱ्याची जागा शेवटी पाहिली. चिखलदऱ्याला पोचायच्या आधी, मोथ्याच्या बाजूला. मोथा हे गवळी लोकांचं गाव, खवा-रबडीसाठी प्रसिद्ध, आणि अलीकडं हिवाळ्यात तिथं स्ट्रॉबेरीही होते. त्याची जागा म्हणजे बापानं बांधलेलं जुनं घर आणि त्याला जोडून काढलेल्या खोल्या. दगड-विटांच्या जाड भिंती, वर कवेलू, कवेलूखाली लाकडी पाटण. समोर सगळ्या खोल्यांना मिळून एकच लांब ओसरी. शोभेचं काही नाही. दारांना निळा रंग, खिडक्यांना जाळी. पण पायरी एकच, आणि तीही बुटकी. ओसरीवर बसलं की समोर दरी आणि मागं पोरं, दोन्ही एकाच जागेवरून. ह्यांनी भिंतीला तळवा टेकवला आणि माझ्याकडं पाहिलं. थंड होती.

मी टाकीकडं गेले. सरकार नळाच्या पाण्याच्या जलजीवन योजनेत गावात माणशी रोज ५५ लिटर धरते. तिसांच्या वर माणसं म्हणजे सतराशे-अठराशे लिटर, तेही काटकसरीनं. शहरातली मंडळी शॉवरखाली उभी राहिली तर दुपट्ट. मालकानं मान डोलावली. त्याचं म्हणणं, तुम्ही यायच्या आदल्या दिवशी आणि मग रोज टँकर टाकतो, त्याचे पैसे वेगळे, आधीच सांगून ठेवतो, मागाहून कटकट नको. आणि शॉवरचे कॉक मी बंद करून ठेवीन, बादली वापरा. हा माणूस मला आवडला.

तरी लगेच होकार दिला नाही, कारण खरी पंचाईत घरी होती. पुरुषांच्या बैठकीत भलतंच ठरलं होतं. पुण्याच्या दिरांच्या ओळखीत चिखलदऱ्यातच एक बंगला होता, भाडं निम्मं, स्वयंपाकघर भलंमोठं. किराणा इथून भरून न्यायचा, सिलिंडर न्यायचं, “सगळ्या बायका मिळून करतील, तेवढीच मजा.” हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच आनंद होता, म्हणून राग धरवत नाही.

मी काही बोलले नाही. रात्री भाकरी थापताना स्वयंपाकघरात विषय काढला. थोरल्या जाऊबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, “तठी जाऊन मीच तीस जणाच्या पोया लाटीन, त घरच काय वाईट हाय?” नणंदेनं भांडं जरा जोरात ठेवलं. सासूबाई एरवी अशा गोष्टीत पडत नाहीत. त्या दिवशी त्यांनी ओसरीवर ऐकू जाईल असं म्हटलं, “जठी माह्या सुनाईले चूल पेटवा लागन, तठी मी येत नाही बाप्पा.” बंगला गेला. थोरले भासरे, म्हणजे माझे मोठे दीर, आतून बाहेर आले आणि मोथ्याच्या माणसाचा नंबर मागून घेऊन गेले.

त्याच्याकडं जेवण गावातल्या दोन बायका करतात. मेनू छापलेला नाही. वरण-भात, ज्वारीची भाकरी, पिठलं, वांग्याची भाजी, ठेचा, सकाळी पोहे, एका दिवशी कुटकीची खीर. कुटकी हे मेळघाटातलं धान्य, दिसायला वरईसारखं. मावशींना साखरेमुळे भात चालत नाही, चुलत आजीला कांदा-लसूण नको, रांगणाऱ्याला मऊ खिचडी. हे सगळं मी कागदावर लिहून दिलं. तिथल्या बाईनं कागद वाचायला पोराकडं दिला, एकदा ऐकला आणि पुढं एकही गोष्ट चुकवली नाही.

रोडग्यांवरून, म्हणजे विस्तवावर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांवरून, मात्र खटका उडाला. डोंगरावर जायचं आणि गोवऱ्यांवर रोडगे भाजायचे नाहीत, हे आमच्या पुरुषांना पटेना. मालक ठाम होता. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा रानातल्या आगीचा हंगाम, बांधाला लागून वाळलेलं गवत, एक ठिणगी उडाली तर माझं घर आणि रान दोन्ही जाईल. मला त्याचं हे बोलणं भाड्याच्या सवलतीपेक्षा जास्त मोलाचं वाटलं. रोडगे आम्ही निघायच्या आदल्या संध्याकाळी घरच्या वावरात केले. भाजायला पुरुष बसले, वांगी त्यांनीच चिरली.

सौदा करताना तीन गोष्टी मी पक्क्या करून घेतल्या. एक, जागा पूर्ण आमचीच, एखादी खोली उरली तरी दुसऱ्याला द्यायची नाही. पाच-सहा पोरं किंचाळत असतात, त्यात परका माणूस आला तर त्याचीही सुट्टी वाया आणि आपलीही. दोन, भाडं माणशी नाही, जागेचं. जेवण माणशी, आणि पाच वर्षांखालच्यांचं धरायचं नाही. तीन, ड्रायव्हरला खाट आणि जेवण. हे विचारायला लोक विसरतात आणि मग तो बिचारा घाट उतरवायच्या आदल्या रात्री गाडीत सीटवर झोपतो. अॅडव्हान्स दिला तेव्हा तारखांसकट चिठ्ठी लिहून घेतली. उरलेले पैसे रोख नेले, कारण मोबाइलला तिथं रेंज कधी असते, कधी नसते. पैसे ऑनलाइन टाकतो म्हणून हात वर करून अंगणात फिरणारी माणसं मी पाहिली आहेत.

घरी कोण राहील, याचं उत्तर भासऱ्यांनी काढलं. पहिले दोन दिवस ते मळ्यावर, मग आमचे हे खाली उतरणार आणि ते वर येणार. सालदार होताच. खोल्यांची वाटणी मी आधीच लिहून ठेवली होती. घोरणारे सगळे शेवटच्या खोलीत, रांगणारं बाळ आणि त्याची आई स्वयंपाकघराजवळ, कमोडच्या दोन्ही खोल्या म्हाताऱ्या माणसांना. तरण्या पोरांना ओसरी. ती तशीही रात्रभर झोपत नाहीत.

गेलो तेव्हा दरीत पाणी नव्हतं, धबधब्याच्या जागी काळा दगड. भीमकुंडाजवळ पोरांना कीचकाची गोष्ट सांगितली: भीमानं त्याला मारून याच दरीत टाकलं, म्हणून ही कीचकदरा. धाकट्या पुतणीनं खाली वाकून विचारलं, अजून आहे का तो? गाविलगडावर फक्त तरणी मंडळी गेली. इंग्रजांनी तो १८०३ च्या डिसेंबरात घेतला आणि त्याच महिन्यात शिंद्यांशी तह झाला तो आपल्या अंजनगाव-सुर्जीला, हे मी त्यांना सांगून पाठवलं होतं. परतल्यावर त्यांना आठवत होतं ते फक्त तिथलं ऊन. कॉफीची झाडं पाहिली. महाराष्ट्रात कॉफी होते यावर पुण्याच्या पोरांचा विश्वास बसेना. बाकी वेळ ओसरीवर गेला. एका रात्री लाइट गेली, इन्व्हर्टरवर फ्रिज तेवढा चालला, आणि सगळे खाटा बाहेर ओढून झोपले. पाणी पुरलं, कारण सासूबाईंनी नळाजवळ खुर्ची टाकली होती. पुण्याच्या दिरांची तिसरी बादली त्यांनी परत पाठवली.

हिशोब चुलीमागे, म्हणजे दर घराला सारखा, करायचा की माणशी, यावर गाडीतच वाद सुरू झाला. पुण्याचे चौघं, आम्ही पाच, थोरल्यांकडं सात. शेवटी मामंजींनी खोल्यांचं भाडं स्वतः दिलं, जेवण माणशी आणि टँकर चुलीमागे लावला. नंदवईंनी पैसे देता देता पुन्हा पचमढीचं काढलं, पुढच्या वर्षी म्हणून. भासरे म्हणाले, “जाऊ ना बाप्पा. पण टाकी किती लिटरची हाय थे आधी विचारा. अन् दिवाळीत नको, कापूस राह्यते.”